आम्ही दोघे आणि मॉरिशस

लग्नाला बावीस वर्षे झाली, तरी आम्ही दोघांनीच असा प्रवास कधी केला नव्हता. लग्नानंतर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो, तेव्हा बरोबर नऊ माणसे, फराळाचे दोन डबे आणि एस.टी. लागणारा एक भाचा होता. पुढचे प्रवास बारशांचे, मुंजींचे आणि माझ्या उत्तरपत्रिका-तपासणीचे. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि सात वर्षे ती अंथरुणाला खिळली. त्या सात वर्षांत आमच्या सौ.ने उंबरठा ओलांडला तो बहुधा भाजी आणि औषधे आणण्यापुरताच.

गेल्या पौषात आई गेली. घर मोकळे झाले. त्या मोकळ्या घरात आम्ही दोघे समोरासमोर बसू लागलो, आणि माझ्या ध्यानात आले की आईच्या औषधांखेरीज आमच्यापाशी बोलायला विषयच राहिलेला नाही. एरवी वर्गात पाऊण तास अखंड बोलणारा मी घरी वर्तमानपत्राआड बसू लागलो. मुलगी पुण्याला शिकते. ती होळीला चार दिवस आली, तिने हे सारे पाहिले आणि जाताना मला जिन्यात गाठून म्हणाली, "बाबा, आईला कुठेतरी घेऊन जा. जिथे स्वयंपाकघर नसेल अशा ठिकाणी."

मुदतठेव मोडली आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला निघालो. मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. उतरल्यावर मनगटावरचे काटे मागे फिरवताना मी विनोद केला, "बघ, आयुष्यातला दीड तास फुकट मिळाला!" ही हसली नाही. म्हणाली, "परतताना काढून घेतील की!"

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर हे बेट. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५. विमानतळ सोडला की दोन्ही बाजूंना उंच ऊस आणि उसाच्या मळ्यांत मधूनच काळ्या दगडांच्या उंच राशी रचलेल्या. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले हे दगड. हिने खिडकीतून ते पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्या घाटातले दगड!" तिला ठाऊक नव्हते, पण ती अगदी खरे बोलली होती. भूगर्भातल्या ज्या तप्त ठिकाणाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्यानेच फार पुढे, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस घडवले. आता तीच भट्टी शेजारच्या रेयुनियाँ बेटावर धगधगते आहे. म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस ही एकाच आईची, वयात पुष्कळ अंतर असलेली लेकरे. हे मी हिला सविस्तर सांगू लागलो. वाटेतल्या दुसऱ्या गावापर्यंत तिला झोप लागली होती.

पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक नावाचे गाव आहे. तिथे एका लहानशा अतिथिगृहात आमची खोली होती. समोर सुरूची झाडे, त्यांच्यापलीकडे पांढरी वाळू, आणि मग पाणी. वाचकहो, त्या पाण्याचे वर्णन मी करणार नाही. आमच्या धंद्यातल्या माणसांनी निळ्या रंगाची विशेषणे वापरून वापरून बोथट करून टाकली आहेत. मात्र एक गोष्ट सांगायला हवी. जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. महासागराच्या लाटा दूर त्या बांधावर फुटतात. तिथे एक पांढरी रेघ दिसते आणि अखंड गाज ऐकू येते. बांधाच्या आत पाणी मात्र तळ्यासारखे शांत. गुडघाभर पाण्यात उभे राहावे आणि पायांची बोटे मोजावीत.

अशा ठिकाणी माणसाला विसावा मिळावा की नाही? पण विसावा घेणे ही विद्या आहे आणि ती आम्हाला येत नव्हती. ही पहाटे पाचला उठायची, खोली झाडायला येणाऱ्या बाईला त्रास नको म्हणून चादरींच्या घड्या घालून ठेवायची, आणि मग खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची. मी मार्गदर्शक पुस्तक वाचून दाखवायचा : १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाचे बारसे केले, बिचारा डोडो पक्षी त्यांच्या आणि त्यांनी आणलेल्या जनावरांच्या तावडीत सापडून शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला, १७१५ साली फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज, १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य. ही "हूं" म्हणायची.

दुसऱ्या रात्री मला जाग आली. ही अंथरुणावर उठून बसली होती. मी घड्याळ पाहिले, साडेबारा. तिसऱ्या रात्री पुन्हा साडेबारा. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथले साडेबारा म्हणजे आपल्याकडचे दोन. रात्री दोनला आईची कूस बदलायची असे आणि औषधही द्यायचे असे. घरी त्या वेळी तिला जाग येते, हे इतके दिवस माझ्या लक्षातही आले नव्हते. मी वस्तरा खाली ठेवला, पण तिला काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईलच.

त्या दिवशी आम्ही बसने राजधानीला, पोर्ट लुईला गेलो. बाजारात ढोलपुरी खाल्ली. डाळीचे पुरण भरलेली मऊ पोळी, वर पावट्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांची रस्सेदार भाजी आणि चटणी. हिने पोळी उलगडून पाहिली आणि निकाल दिला, "पुरणपोळीच, फक्त गूळ विसरलेत." प्रवासातले हे तिचे पहिले आपणहून काढलेले वाक्य.

बाजारापासून थोड्याच अंतरावर बंदराच्या काठी आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून ३६ हिंदी मजूर इथे उतरले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बेटाच्या बंदरात उतरली. काही इथे राहिली, काही पुढच्या वसाहतींकडे रवाना झाली. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई, अशा तीन बंदरांतून ती निघत. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये. २००६ साली या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पाहण्यासारखे फार काही नाही : दगडी भिंती, काही खोल्या, आणि काही पायऱ्या. काळ्या दगडाच्या, साध्या. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून वर येई.

मी आकडे सांगत होतो. ही पायऱ्यांपाशी उभी होती. मध्येच तिने विचारले, "अहो, इकडे एखादा मेला, तर त्याच्या घरी कोणी कळवत असेल का?"

"नोंदी ठेवत," मी म्हणालो. "प्रत्येकाला क्रमांक होता..."

"नोंद नाही विचारत. कळवत असतील का?"

मला उत्तर देता आले नाही.

पुढले दोन दिवस आम्ही प्रवाशांनी पाहावे ते सारे पाहिले. शामारेलची सात रंगांची माती. पाम्पलमूसच्या बागेतली, पाण्यावर पराती सोडल्यासारखी दिसणारी कमळाची पाने. डोंगरातला गंगा तलाव, जिथे महाशिवरात्रीला हजारो लोक कावडी घेऊन पायी येतात. पण या प्रवासात जे घडले, ते या यादीत नाही. ते घडले आमच्या गाडीवाल्यामुळे.

गाडीवाला पन्नाशीचा. आमचे बोलणे ऐकून त्याने मान वळवली आणि जपून, एकेक शब्द मांडत म्हणाला, "आपण मराठी आहात काय? मीही मराठी आहे." मी थक्क झालो. त्याने मराठी शाळेत शिकली होती; तिथे ती आजही शिकवली जाते. त्याचे लिंग-वचन माझ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध होते. घरी मात्र क्रिओल बोलतात. आडनाव विचारले, तर त्याने जे सांगितले ते आपल्याकडे कोणाचे पाळण्यातले नाव शोभले असते. जहाजातून उतरलेल्या पूर्वजाचे नाव कारकुनाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले, आणि तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. गणेशचतुर्थीची इथे सरकारी सुट्टी असते, हेही त्याने अभिमानाने सांगितले. मग म्हणाला, "माझ्या आईस भेटावे. तिला आनंद होईल."

आमच्या मुक्कामापासून जवळच, उसाच्या मळ्यांमधल्या एका वाडीत त्याचे घर होते. दारात तुळस. आत खाटेवर आजी, वय नव्वदीच्या घरातले. त्यांना मराठी बोलता येत नव्हते. पण देव, दिवा, नारळ, आरती असे शब्द त्यांच्या क्रिओलमधून मधूनमधून वर येत. गाव कोणते, तर फक्त "रत्नागिरी". त्यापुढचे घराण्यात कोणाला ठाऊक नाही. हिचे माहेर राजापूर तालुक्यातले. मुलाने गणपतीतल्या 'झाकरी' नाचाचे नाव काढताच ही एकदम म्हणाली, "अहो, ही आमची जाखडी!" आणि तिचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला. बावीस वर्षांत मी तिचा तो ठेका पाहिला नव्हता.

बोलता बोलता आजी उशीवरून एका बाजूला घसरल्या. मुलगा पुढे होण्याआधीच ही उठली. एक हात पाठीखाली, एक मानेखाली, आणि क्षणात आजी नीट टेकून बसल्या. आजींनी तिचे मनगट धरले, तिचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि मुलाला काहीतरी म्हणाल्या.

"आई विचारते, हे हात शिकलेले आहेत. आपण कोणाची सेवा केलीत?"

"सासूबाईंची," ही म्हणाली. मग थोडे थांबून, कोणाकडेही न पाहता, "सात वर्षं. पण शेवटच्या रात्री माझा डोळा लागला. गजर झाला तो मला ऐकूच आला नाही."

मुलाने ते आईला सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत. हिचा हात मात्र आम्ही निघेपर्यंत त्यांनी सोडला नाही.

त्या रात्री आम्ही वाळूवर बसलो. अंधार पडला होता. दक्षिणेला त्रिशंकूचे चार तारे बरेच वर आले होते; आपल्याकडे कोकणातून मे महिन्यात ते अगदी क्षितिजाला टेकलेले दिसतात. दूर बांधावर लाटा फुटत होत्या. विश्वामित्राची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. ती मी गिळली आणि म्हणालो, "गजर झालाच नव्हता."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

मग मी सांगितले. आईला ताप होता, ही तीन रात्री सलग जागी होती. चौथ्या रात्री तिला झोप मिळावी म्हणून घड्याळाचा गजर मीच बंद केला. दोनपर्यंत पेपर तपासत जागायचे आणि आईचे मीच पाहायचे, असा बेत होता. पेपरांवरच मला झोप लागली. पाचला जाग आली, तेव्हा आई गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबले, औषधाने काही फरक पडला नसता. ही त्या दिवशी कोणाला तरी म्हणाली, "मला गजर ऐकू आला नाही." तेव्हा मी तिथेच उभा होतो. घर माणसांनी भरले होते. नंतर सांगू, असे मी म्हटले. आणि ते नंतर चार महिने लांबले.

"चार महिने," ती म्हणाली. मग उठली आणि पाण्याच्या कडेकडेने चालू लागली. बराच वेळ ती दिसत नव्हती. मी हलकासा उठलो, पुन्हा बसलो. शेवटी ती परत आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "पिशवीत शाल आहे, अंगावर घ्या. वारं सुटलंय." आणि खोलीकडे गेली.

दुसरा दिवस आम्ही जवळजवळ न बोलता काढला. गाडीवाल्याने ल मोर्नच्या पायथ्याशी नेले. समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा काळा कडा. पळालेले गुलाम या कड्याच्या कपारींत लपून राहत. लोक सांगतात, की १८३५ साली गुलामगिरी संपल्याचे सांगायला शिपाई वर येऊ लागले, तेव्हा ते पकडायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. गाडीवाला हे सांगत असताना ही माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, "वेळेवर कळायला हवं माणसाला."

त्या रात्री साडेबाराला मला जाग आली. ही झोपली होती. सकाळी सहाला झोपली होती, सातलाही. खोली झाडणारी बाई आली, तिला मी ओठांवर बोट ठेवून परत पाठवले आणि दाराबाहेर पायरीवर पहाऱ्याला बसलो. साडेआठ वाजता दार उघडले. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "चहा मिळेल का हो इथे?" असे विचारणारी ही बाई मी फार वर्षांनी पाहत होतो.

उरलेले दोन दिवस आम्ही पाण्यात उभे राहून काढले. भांडलो, पुष्कळ बोललो. तिचा राग पुरता गेला असे मी म्हणणार नाही; तो अजूनही अधूनमधून भाजीच्या फोडणीत लागतो. पण आता तो माझ्यावरचा राग आहे, तिचा स्वतःवरचा नाही, आणि हा बदल मला परवडतो.

परतताना विमानात मी काटे दीड तास पुढे केले. हिने ते पाहिले आणि म्हणाली, "पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊ या. अंबाबाईला एकदा नीट पाहायचं राहिलंय."

"जाऊ की!"

"आणि हो," ती म्हणाली, "आपण दोघंच."