कब्जा

"कब्ज़ा तो गया, दीदी," मिस्त्री फोनवर म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. सकाळपासून मी वकिलांच्या फोनची वाट पाहत होते. बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, बर्फाच्या कारखान्याच्या जागेवरून काकांचा आणि आमचा दावा चालू आहे. आमच्या घरात हा शब्द आता एकाच अर्थानं येतो. मिस्त्री मात्र गाडीच्या दाराबद्दल बोलत होता. हिंदीत बिजागरीला कब्ज़ा म्हणतात. सगळा जन्म इंदुरात काढलेल्या मला हे सुचायला हवं होतं. (गुजरातीत मिजागरुं. ते निदान कोर्टात भेटत नाही.)

गाडी म्हणजे 1950 सालची शेव्हरोले पिकअप. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला 1928 पासून 1954 पर्यंत कारखाना होता. बाहेरून सुटे भाग येत आणि तिथं गाड्या जोडल्या जात. आमची तिथलीच, असं बाबा सांगत. त्यांनी ती धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली आणि आग्रा रोडनं, बिजासन घाट चढून, इंदूरला आणली. मग वीसेक वर्षं तिनं बर्फ वाहिला. लाद्या मागच्या हौद्यात, भुसा आणि गोणपाट घालून. बाबा चालवायला, डाव्या बाजूला काका. काका आत बसतच नसत. दर शंभर पावलांवर उतरून लादी फोडून द्यायची, मग बसायचं कशाला? ते पायरीवर उभे राहायचे, एक हात खिडकीत अडकवून, सगळा भार दारावर टाकून.

गेली कित्येक वर्षं ती कारखान्याच्या शेडमध्येच उभी आहे. वकिलांचं सांगणं, तिला तिथून हलवू नका, तीच तुमच्या कब्ज्याचा पुरावा. गेल्या पावसाळ्यात कोर्टानं नेमलेले गृहस्थ पाहणीला आले. त्यांनी डावं दार उघडलं आणि खालची बिजागरी पत्र्यासकट बाहेर आली. दार वरच्या बिजागरीवर लटकून राहिलं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'एक भंगार वाहन'. मला दाव्यापेक्षा त्या तीन शब्दांचा राग आला. म्हणून मिस्त्री.

बिजागरी सहसा गंजून मोडत नाही, ती ओतीव आणि जाड असते. गंजतो तो ती जिथं बसते तो खांब. हा खांब म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ पेटी. काचेखालच्या हवेच्या झडपेचं रबर गेलं की पाणी त्या पोकळीत उतरतं आणि तळाशी साचतं. खांबाच्या आत, बिजागरीच्या मागं, आटे पाडलेली एक जाड पट्टी असते. ती पक्की केलेली नसते. पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात मुद्दाम सैल ठेवलेली असते, म्हणजे स्क्रू ढिले करून दार दोन-तीन मिलिमीटर इकडं-तिकडं सरकवता येतं. आमचा पिंजरा, पट्टी आणि भोवतालचा टीचभर पत्रा, सगळं संपलं होतं.

आधी ज्या गॅरेजवाल्याला विचारलं तो म्हणाला, बिजागरी थेट खांबाला वेल्ड करू, वर लांबी भरू, रंग मारू, दीड दिवसात मोकळे. मी हो म्हणणारच होते. हा मिस्त्री चिडला. गंजलेल्या पत्र्याला वेल्ड धरत नाही, भोकं पडत जातात, आणि धरलाच तर दार पुन्हा कधी जुळवता येणार नाही. त्यानं पैसे जास्त सांगितले आणि दिवस आठ.

त्यातला पहिला दिवस नुसता स्क्रू काढण्यात गेला. रॉकेल, गॅसची ज्योत, हातोडीनं ठोकला की फिरतो तो स्क्रू-ड्रायव्हर, आणि शिव्या. मग दार उतरवायच्या आधी त्यानं चौकटीत आडवा चौकोनी पाइप तात्पुरता वेल्ड केला. खांब कापला की गाडीचं टप जरासं बसतं, आणि मग जगातलं कुठलंच दार त्या चौकटीत बसत नाही, म्हणाला.

बिजागरी निघाली तेव्हा तिच्या आणि खांबाच्या मध्ये पत्र्याची एक घडी सापडली. त्यानं ती पुसली. पिवळा रंग, हिरवं ताडाचं झाड. डालड्याच्या डब्याचा तुकडा, तीन घड्या घालून. मग त्यानं खांब आतल्या अंगानं कापला आणि आतून भुसा पडला. दोन ओंजळी, चहाच्या चोथ्यासारखा काळा, दमट. इतकी वर्षं तो ओल धरून बसला होता. वेल्डिंगची ठिणगी पडली असती तर आतल्या आत धुमसला असता, म्हणून मिस्त्रीनं तो सळईनं शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढला.

प्रश्न डालड्याच्या घडीचा होता. नवा पत्रा बसवताना माप ती धरून घ्यायचं की सोडून? खालच्या बिजागरीमागं पट्टी घातली की दाराची कुलपाकडची बाजू वर उचलली जाते. पण ती घातली कुणी आणि का, हे सांगणारा एकच माणूस उरला होता.

दोन वर्षांत मी काकांना फोन केला नव्हता. त्यांनी पहिल्या घंटेला उचलला. मी सरळ घडीबद्दल विचारलं. ते थोडा वेळ गप्प होते.

"ती घालू नकोस. मी लोंबकळून लोंबकळून दार खाली पडलं, म्हणून दादानं घातली होती. नव्या खांबाला कशाला हवी?" मग म्हणाले, "भुसा निघाला का?"

"निघाला."

"मी म्हणायचो त्याला, आत जातोय म्हणून."

पुढचं काम मिस्त्रीनं मजेत केलं. जाड पट्टीला आटे पाडले, तिच्यासाठी सैल पिंजरा केला, अठरा गेजच्या पत्र्याचं ठिगळ आधी नुसत्या टाक्यांवर धरलं. दार चढवलं, फट पाहिली, उतरवलं, चिमटीएवढं घासलं, पुन्हा चढवलं. असं पाच वेळा. मग वेल्ड, तोही बोटाएवढा इथं, बोटाएवढा तिथं, मध्ये थांबून. सलग मारला तर पत्रा तापून पापडासारखा वळतो. आतून जस्ताचा रंग, वर मेण, आणि तळाला पाणी जायला एक भोक.

रविवारी काका आले. फाटकाबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं, "आत येऊ का?" मला वकिलांचं बोलणं आठवलं. मी फाटक उघडलं.

ते डाव्या बाजूनं आत बसले, बहुधा पहिल्यांदाच. दार लावताना त्यांनी ते सवयीनं आधी वर उचललं, आणि वरची कड चौकटीला घासली. "उठाना नहीं है अब," मिस्त्री म्हणाला. दुसऱ्यांदा त्यांनी नुसतं ओढून घेतलं.

डालड्याची घडी डॅशबोर्डावर पडली होती. त्यांनी ती उचलून पाहिली, उलटी केली आणि परत तिथंच ठेवली. पुढची तारीख बावीसला आहे.