निलगिरीचें शीतजल आणि त्यांतील पाहुणा

निलगिरीवर जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा उटीचें सरोवर, तेथील वनस्पति-उद्यान आणि दोड्डाबेट्टाचें शिखर एवढें पाहून माघारा फिरतो. ज्या सह्याद्रीच्या छायेंत आपण वाढलों, तोच दक्षिणेकडे जात जात जेथें पूर्वघाटास भेटतो, तेथें ही गिरिमाला उभी आहे. त्या दृष्टीनें हें आपल्याच कुळांतलें, जरा दूरचें घर. ‘उदकमंडलम्’ हें नांव ऐकून संस्कृतज्ञ वाचकांनीं एकदम व्युत्पत्ति मांडूं नये. तोडा लोकांच्या वस्तीस ‘मंद’ म्हणतात आणि जुन्या नांवाचें मूळ त्यांत आहे. तथापि उदकाचें माहात्म्य येथें पावलोपावलीं पटतें, हें मात्र खरें.

उटीपासून सुमारें तीस किलोमीटरांवर अव्हलांच नांवाचें स्थान आहे. आम्ही तेथें गेलों तें वनखात्याच्या मोटारींतून. या नांवाचा अर्थ ‘हिमकडा कोसळणें’ असा. परंतु येथें हिमकडे नाहींत. एकोणिसाव्या शतकांत येथें डोंगराची मोठी दरड कोसळली, तिच्यावरून हें नांव पडलें. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं याच ठिकाणीं एका अहोरात्रांत ८०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, यावरून येथल्या मेघांच्या औदार्याची वाचकांस कल्पना येईल. गवताळ टेंकड्या, त्यांच्या घळींत ‘शोला’ म्हणून ओळखलीं जाणारीं ठेंगणीं, दाट, सदाहरित वनें, आणि त्यांच्या पायथ्याशीं सुमारें दोन हजार मीटर उंचीवर पसरलेलें निळसर पाणी! अव्हलांच व एमराल्ड हे जोडजलाशय कुंदा जलविद्युत्‌योजनेचे. १९६० च्या सुमारास कोलंबो योजनेखालीं कॅनडाच्या साहाय्यानें ही योजना आकारास आली.

या पाण्याशीं ट्राऊट नांवाच्या माशाचा इतिहास जोडलेला आहे. आमच्या घरांत मत्स्याहार वर्ज्य आहे. परंतु पदार्थ खाण्याचा नसला म्हणजे जाणण्याचाही नसतो, असें थोडेंच आहे? ट्राऊट मूळचा हिंदुस्थानांतला नव्हे. तपकिरी ट्राऊट युरोपांतला, आणि अंगावर गुलाबी पट्टा मिरविणारा इंद्रधनुषी ट्राऊट पॅसिफिक महासागरास मिळणाऱ्या नद्यांतला. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. फ्रान्सिस डे यांनीं १८६० नंतरच्या दशकांत निलगिरीवर ट्राऊट आणण्याचे प्रयत्न केले, ते फसले. काश्मीरसाठीं १८९९ सालीं विलायतेहून निघालेलीं अंडीं वाटेंतच मेलीं. १९०० सालीं आलेलीं जगलीं. इकडे हेन्री चार्ल्स विल्सन यांच्या देखरेखीखालीं अव्हलांच येथें १९०७ सालीं उबवणीकेंद्र निघालें, आणि मग इंद्रधनुषी ट्राऊट या ओढ्यांत रुजला.

उबवणीची रीत ऐकतांना आम्हांस शतपथब्राह्मणांतील मनूची कथा आठवली. मनूच्या हातांत आलेला इवलासा मासा प्रथम घटांत, मग खळग्यांत आणि शेवटीं समुद्रांत सोडला जातो. ‘मोठे मासे मला गिळतील, तोंवर सांभाळ,’ हीच त्याची विनवणी. येथेंही क्रम तोच. मादीचें पोट हलक्या हातानें दाबून अंडीं कोरड्या भांड्यांत घेतात, त्यांवर नराचें रेत घालतात आणि मग पाणी मिळवितात. १० अंश उष्णमानाच्या वाहत्या पाण्यांत सुमारें महिन्याभरानें पिलें बाहेर पडतात. मेलेलें अंडें त्वरित वेंचून काढावें लागतें, नाहींतर त्यावरील बुरशी शेजारच्यांस लागते. नवजात पिलूं पोटाखालच्या पिशवींतील बलकावर कांहीं दिवस जगतें, पुढें मत्स्यजिरें होतें, पुढें बोटुकली. मध्यंतरीं आकारवारीनें वर्ग पाडावेच लागतात. एकाच हौदांत थोरली व धाकटी ठेवलीं कीं मात्स्यन्याय सुरू झालाच! शाळेंत चाळीस वर्षें वर्ग पाडणाऱ्या आम्हांस हा नियम विशेष परिचयाचा वाटला.

आतां शीतजलाचें रहस्य. पाणी जितकें गार, तितका त्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. समुद्रसपाटीस १० अंशांवर एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. २५ अंशांवर सुमारें ८. परंतु दोन हजार मीटरांवर हवेचा दाबच पंचमांशानें कमी, म्हणून तेवढी तूट येथें सोसावी लागते. उंची एका हातानें गारवा देते आणि दुसऱ्या हातानें प्राणवायु काढून घेते. ट्राऊटास १० ते १८ अंशांचें पाणी मानवतें. २० अंशांपुढें तो कष्टी होतो आणि २५ च्या आसपास त्याच्या प्राणावर बेततें. उन्हाळ्यांत जलाशयाचा वरचा थर तापतो आणि तळच्या थरांत प्राणवायु घटतो. मग मधल्या अरुंद पट्ट्यांत बिचाऱ्याला दिवस काढावे लागतात.

आणि नेमक्या अशाच वेळीं विजेसाठीं पाणी उतरवावें लागतें. कांठचा उथळ भाग उघडा पडला कीं तेथले किडे, म्हणजे माशाचें अन्न, सुकून जातात. अंडीं घालण्यासाठीं ट्राऊट ओढ्यांच्या खडेरी तळाकडे चढतो; पाणी फार उतरलें तर ओढ्याचें मुख अधांतरीं राहतें, आणि बटाटा-गाजरांच्या शेतांतील माती वाहून आली तर खड्यांतलीं अंडीं गुदमरतात. म्हणून जाणता व्यवस्थापक केवळ बोटुकली सोडून स्वस्थ बसत नाहीं. अन्न किती, तेवढींच पोटें, हा हिशेब तो ठेवतो. अतोनात मासे सोडल्यास सगळेच मोठ्या डोक्याचे आणि कृश देहाचे होतात. कोणी, कोठें, किती व केवढे मासे धरले याची नोंद हा त्याचा हजेरीपट होय.

मासेमारीचा विषय निघाला म्हणून सांगतों. गळाचा विनोद कांहीं साहेबांनीं आणलेला नाहीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मत्स्यविनोदाचें सविस्तर वर्णन आहे. ट्राऊटाच्या शिकारींत पिसें व दोरा गुंडाळून गळास किड्याचें रूप देतात आणि लवचिक काठीनें तो पाण्यावर असा टाकतात कीं, किडाच उतरल्याचा भास व्हावा. प्रभातीं व सायंकाळीं, ओढ्यांच्या मुखाशीं, वारा जेथें किडे वाहून आणतो तेथें मासा वर येतो. सोडून द्यावयाचा मासा ओल्या हातानें धरावा, पाण्याबाहेर क्षणभरही अधिक ठेवूं नये, आणि पाणी तापलें असतां गळ टाकूंच नये, कारण दमलेला मासा सोडला तरी वांचत नाहीं. निलगिरीवर १८७९ सालींच शिकार व मत्स्यरक्षणाचा कायदा झाला. आज येथील बरेंचसें पाणी राखीव वनांत आहे. परवानगीवांचून तेथें पाऊलही टाकूं नये.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. दोन्ही ट्राऊट जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परकी जीवांच्या प्रसिद्ध यादींत आहेत. अनेक देशांत त्यांनीं मूळच्या लहान माशांचा व बेडकांचा संहार केला. मग या पाहुण्याचें काय करावें? अतिथि देव खरा. पण पाहुण्याच्या पानासाठीं घरचीं मुलें उपाशीं ठेवणारा गृहस्थ कोणी शहाणा म्हणत नाहीं. ज्या ओढ्यांत ट्राऊट अद्याप गेला नाहीं, ते मूळ जीवांसाठीं राखावे. जेथें तो शतकभर नांदतो आहे, तेथें त्याची मोजदाद ठेवावी, आणि नवी भर मात्र विचार करूनच घालावी, असें आमचें नम्र मत आहे.

एका गोष्टींत मात्र पाहुण्याचें व यजमानाचें हित एकच आहे. पावसाळ्याचें पाणी गवताळ माथा व शोला स्पंजासारखें धरून ठेवतात आणि चैत्र-वैशाखांत थेंबथेंबानें सोडतात. म्हणूनच ओढे बारमाही व गार राहतात. या माथ्यावर परदेशी वॅटलची व निलगिरीचीं झाडें मैलोगणती लावलीं गेलीं, त्यांनीं गवताची जागा घेतली. धरण बांधल्यानें पाणी सांठतें. तें गार राखण्याचें काम माथ्यावरचें गवतच करतें. म्हणून वाचकहो, निलगिरीस जाल तेव्हां सरोवराकडे पाहून झाल्यावर क्षणभर मान वर करून त्या साध्या गवताकडेही अवश्य पाहा.