बंद डावा, बंद उजवा

आमचे अब्बा दर्जी होते. बीडमध्ये एका बोळाच्या तोंडाशी त्यांचे दुकान होते. दुकान कसले, एक मशीन, एक फळी आणि खिळ्याला टांगलेली मापांची वही. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, मुंढा, गळा असे आकडे एकाखाली एक आणि वर गिऱ्हाइकाचे नाव. आम्ही दोघे भाऊ त्या फळीखाली बसून मोठे झालो. हे लिहितो आहे धाकटा, पण बोलणे दोघांचे आहे.

शेजारच्या वाड्यात दिवाळीला किल्ला होत असे. पोरे दगड-माती रचत, वर हळीव पेरत. सैनिक करण्याचे काम मात्र आमच्याकडे असायचे, कारण आमचा हात बरा होता. आपली काळी माती वाळली की तडकते. म्हणून आम्ही तीत जुन्या गादीचा कापूस मिसळत असू. मावळे सडपातळ, चपळ करायचे. शत्रूचे सैनिक करायचे म्हणजे पोट सुटलेले, डोके लिंबाएवढे, दाढी छातीपर्यंत. असे करा म्हणून आम्हांला कुणी सांगितले नव्हते. कॅलेंडरवर, गणपतीतल्या देखाव्यांत तसेच पाहिले होते. तो शत्रू म्हणजे आमच्याच नावागावाचा माणूस आहे, हे तेव्हा मनातही आले नाही.

एकदा अब्बांनी त्यातला एक सैनिक उचलला आणि उलटापालटा करून पाहिला.

"इसको कुर्ता सीना बोले तो कित्ता कपडा लगेंगा? ये माप किसका है रे?"

आम्ही म्हणालो, "दुश्मन का, अब्बा."

अब्बा हसले नाहीत. त्यांनी वही काढली, नावावर हात ठेवला आणि खालचे आकडे दाखवले. "बोलो, ये कौन है? हिंदू, के मुसलमान?" आम्ही गप्प. त्यांनी पान उलटले. पुन्हा तेच. चार पाने झाली. एकाही पानावर आम्हांला सांगता आले नाही.

मग त्यांनी काडेपेटीतली एक काडी डोक्याच्या मापाने मोडली आणि मातीच्या शरीरावर वरून खाली मोजून दाखवले. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. कोपर कमरेपाशी येते. हात सरळ सोडला तर बोटे मांडीच्या मध्यापर्यंत पोचतात. तळहात उघडून तोंडावर ठेवला तर हनुवटीपासून कपाळ झाकते. त्या वर्षी आम्ही सगळे सैनिक त्या एका काडीने मोजून केले.

घरात दादींची हरकत वेगळी होती. सूरत बनवणाऱ्याला कयामतच्या दिवशी तिच्यात रूह फुंकायला सांगतील, या धास्तीने त्या आमच्यावर रागवत. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी त्यांना समजावले, हजरत आयेशांच्या खेळण्यांत पंखांचा घोडाही होता, पोरांचा खेळ आहे, खेळू द्या. दादींनी ऐकले, पण एक अट घातली. खेळ झाला की मोडून टाकायचे. मग दर दिवाळीनंतर आम्ही आमची फौज पाण्यात भिजवून पुन्हा चिखल करत असू.

पुढे थोरला वायरमन झाला, धाकटा शिक्षक. थोरल्याकडे तांब्याच्या तारांचे तुकडे उरत. तार वाकवून हाडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर एम-सीलचे मांस चढवायचे, ही युक्ती त्याची. मग मातीची गरज राहिली नाही. माप धरले ५४ मिलिमीटर. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ साली पोकळ शिशाचे सैनिक काढले ते याच मापाचे. पाच फूट आठ इंचांचा माणूस बत्तीस पटींनी लहान केला की ५४ मिलिमीटर होतो. त्याचे डोके सात मिलिमीटरांहून किंचित मोठे, म्हणजे हरभऱ्याएवढे. त्यात नाक, मिशी, पागोट्याचे पेच सगळे बसवायचे.

२००८ साली एका शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही राक्षसभुवनची लढाई करायला घेतली. राक्षसभुवन आपल्याच जिल्ह्यातले, गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम अली काही फौजेसह नदी उतरून पलीकडे गेला होता. अलीकडे राहिलेल्या फौजेवर त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर होता. गोदावरीला पूर होता, त्यामुळे निजामाला परत येऊन मदत करता आली नाही. विठ्ठल सुंदर मारला गेला. पेशवा माधवराव तेव्हा अठरा वर्षांचा होता.

वाचकहो, नावे पुन्हा पाहा. निजामासाठी मेला तो दिवाण ब्राह्मण. नागपूरचे जानोजी भोसले आधी निजामाकडे होते, ते ऐन वेळी पेशव्यांना मिळाले. आणि त्या काळच्या मराठा फौजांत मुसलमान शिलेदार, गारदी, गोलंदाज असत. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता, हे सर्वांना ठाऊक आहे.

मग कोण कुणाचा हे दाखवायचे कसे? मोगल काळात जाम्याचे बंद मुसलमान उजव्या काखेखाली बांधत आणि हिंदू डाव्या. जुन्या चित्रांतली माणसे अभ्यासक यावरूनही ओळखतात. दर्ज्याच्या पोरांना हे पटकन भावले. आम्ही दोन्ही फौजांत दोन्ही बाजूंचे बंद ठेवले.

पण खरी अडचण इथेच येते. बत्तीस पटींनी लहान केल्यावर ती गाठ एक मिलिमीटरही भरत नाही. तलवारीचे पाते मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढे होते. तसे केले तर ते दिसतही नाही आणि टिकतही नाही. म्हणून पाते जाड करावे लागते, गाठ फुगवावी लागते, डोळ्यांच्या खाचा खोल कराव्या लागतात. लहान आकारात थोडे खोटे बोलावेच लागते. आम्ही एवढेच ठरवले की जे वाढवायचे ते दोन्ही फौजांना सारखे वाढवायचे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मांडणी पाहायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "सर, सगळे सारखेच दिसतात. निजामाचे जरा दांडगे, दाढीवाले करा, म्हणजे मुलांना कळेल." संध्याकाळी मोहल्ल्यातले एक चाचा येऊन गेले. "हमारी हार का तमाशा कायको बनाए रे?" दोघांचेही बोलणे लागले. खरे सांगायचे तर चाचांचे जास्त लागले. ती हार 'हमारी' कशी, हे त्यांना विचारायचे धाडस आम्हांला झाले नाही.

आम्ही काहीच बदलले नाही. फक्त अब्बांचे सुईत दोरा ओवायचे भिंग दोरीने बांधून ठेवले आणि एका चिठ्ठीवर लिहिले, "बंद पाहा." मोठी माणसे झेंडे पाहून पुढे गेली. भिंगापाशी पोरांनी रांग लावली. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, यावर त्यांची पैज लागली. "सर, हा इकडचा असून उजवा कसा?" असे एकाने विचारले, तेव्हा सांगायला मिळाले.

दादी तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांच्या अटीप्रमाणे मोडायला बसलो, पण हात झाला नाही. ती फौज आता अब्बांच्या बटणांच्या डब्यात आहे. मागच्या रमजानमध्ये डबा उघडला, तेव्हा थोरल्याच्या लक्षात आले की एका स्वाराचा बंद आम्ही घाईत भलत्याच बाजूला बांधला होता. दुरुस्त करू म्हणून बाजूला ठेवला. तेवढ्यात मगरिबची अजान झाली, रोजा सोडायला उठलो आणि पोरांनी सगळे पुन्हा डब्यात भरले. तो स्वार कुठला, हे आता आम्हांलाही भिंगाशिवाय सांगता येत नाही.