दोन कादंबऱ्यांचे एक वर्ष

एकाच वेळी दोन कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाविषयी समीक्षा सहसा बोलत नाही. ते काम चरित्रकाराकडे सोपवून ती मोकळी होते. कादंबरी वाचकाच्या हाती येते ती एकटी, पूर्ण झालेली. तिच्या शेजारी त्याच मेजावर दुसरे काय पडले होते, हा प्रश्न कलाकृतीच्या स्वायत्ततेला बाधक मानला जातो. १८६६ साली दस्तयेव्हस्कीच्या मेजावर जे होते, ते मात्र इतक्या सहजपणे बाजूला सारता येत नाही.

१८६४ च्या एप्रिलमध्ये त्याची पत्नी गेली, जुलैत भाऊ मिखाईल गेला. भावाचे कर्ज आणि नियतकालिक दोन्ही त्याने अंगावर घेतली, आणि १८६५ मध्ये ते नियतकालिकही बुडाले. देणेकऱ्यांच्या तगाद्यात त्याने स्तेलोव्हस्की या प्रकाशकाशी करार केला. तीन हजार रूबलच्या बदल्यात आधीच्या साहित्याच्या प्रकाशनाचे हक्क आणि १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी. ती न दिल्यास पुढील नऊ वर्षे तो जे लिहील ते प्रकाशकाने विनामोबदला छापावे. इकडे ‘गुन्हा आणि शिक्षा’ १८६६ च्या जानेवारीपासून मासिकात क्रमशः येऊ लागली होती. उन्हाळ्यात एका पत्रातून त्याने आपला बेत कळवला : सकाळी एक कादंबरी, संध्याकाळी दुसरी.

बेत फसला. ऑक्टोबर उजाडला तरी दुसऱ्या कादंबरीची एक ओळ कागदावर नव्हती. मित्रांनी एकेक भाग वाटून घेऊन कादंबरी पुरी करावी, असे मिल्यूकोव्हने सुचवले. दुसऱ्याच्या लेखनावर आपले नाव घालण्यास दस्तयेव्हस्कीने नकार दिला. नऊ वर्षांचे लेखन पणाला लागले असतानाचा हा नकार आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. अखेर ४ ऑक्टोबरला आन्ना स्नीत्किना ही वीस वर्षांची लघुलेखिका आली आणि सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ सांगून झाली.

इथवरची हकीकत सर्वपरिचित आहे, आणि तिच्यातील नाट्यामुळेच बहुधा एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. ‘गुन्हा आणि शिक्षा’च्या आरंभीच्या वह्यांत गुन्हेगार स्वतःच बोलतो, ते आत्मनिवेदन आहे. १८६५ च्या नोव्हेंबरअखेर दस्तयेव्हस्कीने लिहून झालेला बराच मजकूर जाळला आणि नव्याने आरंभ केला. छापून आलेली कादंबरी तृतीयपुरुषी आहे, जरी तिचा निवेदक रास्कोल्निकोव्हच्या खांद्यावरून क्वचितच दूर सरतो. ‘जुगारी’ मात्र प्रथमपुरुषी आहे. अलेक्सेई इव्हानोविच या तरुण शिक्षकाची ती टिपणे आहेत. एका कृतीने नाकारलेला आवाज दुसरीला मिळाला, असे म्हणण्याचा मोह होतो. रूलेटवरच्या कथेची कल्पना १८६३ चीच होती आणि तोंडी सांगण्याला प्रथमपुरुष सोयीचा, हे खरे. तरी तो मोह सर्वस्वी अनाठायी नाही.

कारण दोन्ही तरुण एकाच जातीचे आहेत. एका घावात, एका डावात सारे आयुष्य पालटेल, अशी दोघांची श्रद्धा. एकाने त्यासाठी सिद्धान्त रचला आहे. दुसऱ्याला सिद्धान्ताचीही गरज भासत नाही. आणि त्याची सुटका होत नाही. ‘जुगारी’ संपते ती उद्यावर टाकलेल्या निश्चयापाशी. रास्कोल्निकोव्हला सायबेरियात नवजीवनाची चाहूल लागते तो उपसंहार मासिकात आला त्यानंतर, वर्षाच्या अखेरीस. हा उपसंहार वरून चिकटवल्यासारखा आहे, ही तक्रार जुनी आहे. संहिता एकटी वाचली तर ती रास्तही वाटते. परंतु नुकतीच एका तरुणाला ‘उद्या’च्या हवाली करून आलेल्या लेखणीने दुसऱ्याला वर्षांचा हिशेब असलेली शिक्षा, काळाची ठोस मोजणी द्यावी, यात निव्वळ धर्मश्रद्धेचा आग्रह पाहणे पुरेसे नाही. तेथे एका शेवटाला दुसरा शेवट उत्तर देत आहे.

दोन लेखनसंकल्पांचे नाते नेहमीच असे राहते, असेही नाही. ‘गुन्हा आणि शिक्षा’तच त्याची एक वेगळी तऱ्हा आहे. १८६५ च्या जूनमध्ये दस्तयेव्हस्कीने ‘दारुडे’ या नावाची कादंबरी एका संपादकाला देऊ केली होती. ती स्वतंत्रपणे कधीच झाली नाही. मार्मेलादोव्ह आणि त्याचे कुटुंब खुन्याच्या कथेत येऊन राहिले. तेथे विलय झाला. ‘जुगारी’ला मात्र कराराने वेगळे ठेवले, सावकारी कलमाचे साहित्यावर काही ऋण असेल तर ते एवढेच.

१ नोव्हेंबरला हस्तलिखित घेऊन तो गेला तेव्हा प्रकाशक गावी नव्हता. अखेर रात्री पोलीस ठाण्यात हस्तलिखित जमा करून त्याने पावती घेतली. ‘गुन्हा आणि शिक्षा’चा राहिलेला भागही मग त्याने आन्नालाच सांगून लिहवला. त्या कामाचे ठरवण्यासाठी ती ८ नोव्हेंबरला आली असता त्याने तिच्यापुढे तिसऱ्याच एका कादंबरीचे कथानक मांडले : कर्जात बुडालेला, आजारी, प्रौढ कलावंत आणि आन्ना नावाची तरुणी, अशा मुलीने अशा माणसावर प्रेम करणे मानसशास्त्रदृष्ट्या संभवते काय, हे त्याला विचारायचे होते. तिने ते संभवते असे सांगितले. ती कादंबरी त्याने लिहिली नाही. १८६७ च्या फेब्रुवारीत त्यांचे लग्न झाले.