दोन कणांमधील जागा

मराठीच्या प्राध्यापकांनी सोन्याच्या कणांविषयी लिहावे, हे काही वाचकांना अनाठायी वाटेल. पण रेणूंनी जोडलेल्या अतिसूक्ष्म धातुकणांच्या जाळ्यातून वीज कशी वाहते, याविषयी वाचताना आम्हांला आमच्याच वर्गाची पुन्हापुन्हा आठवण होत राहिली.

सोन्याच्या तारेतून वीज सहज वाहते. तेच सोने काही नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागांएवढ्या, कणांत विभागले आणि प्रत्येक कणाभोवती सेंद्रिय रेणूंचे आवरण आले की चित्र पालटते. कण एकमेकांना टेकत नाहीत; मध्ये रेणू असतात. ती जागा इलेक्ट्रॉनला पुंजभौतिकीतील ‘टनेलिंग’ने ओलांडावी लागते. मधला रेणू कार्बनची साधी साखळी असेल, तर तीत एकेक अणू वाढला की प्रवाह साधारण एक तृतीयांशावर येतो. त्या जागी एकाआड एक दुहेरी बंध असलेला रेणू घातला, तर तेवढ्याच अंतरातून वीज कितीतरी सहज जाते. शिवाय कण इतका लहान की त्यावर एक जादा इलेक्ट्रॉन चढवायलाही ऊर्जा खर्चावी लागते. अतिशीत तापमानात, ठरावीक व्होल्टेजखाली, वीज जवळजवळ थांबतेच. सोने तेच असले तरी जाळ्याची वाहकता बव्हंशी मधला दुवा ठरवतो.

हा दुवा हळवाही असतो. काही द्रावकांच्या वाफेने रेणूंचे आवरण फुगते, कण दूर सरतात आणि रोध वाढतो. या गुणावर बेतलेला वाफेचा संवेदक १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी मांडला. याच्या जवळचे एक काम आपल्याकडेही झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अंकमवार, चौधरी आणि शास्त्री यांनी चिंचेच्या पानांच्या अर्काने सोन्याचे सूक्ष्म त्रिकोणी कण तयार केले आणि मिथेनॉल, बेंझिन, अॅसिटोन यांच्या वाफेत त्यांची वाहकता कशी बदलते, हे तपासून २००५ साली प्रसिद्ध केले. चिंच आमच्या खानदेशात बांधाबांधावर आहे. तिच्या पाल्याचा हा उपयोग आमच्या ध्यानीमनीही नव्हता.

विज्ञानातील संज्ञा उचलून साहित्याच्या चर्चेत वाटेल तशा वापरण्याची खोड आपल्या क्षेत्राला आहे, आणि ती आम्हांला मान्य नाही. इलेक्ट्रॉनला अर्थ कळत नाही. तेथे अंतर मोजता येते, वर्गात येत नाही. तरीही एक प्रश्न आम्ही या वाचनातून घेतला: दोन्ही बाजूंना सकस ऐवज असूनही काहीच का वाहत नाही?

रनाळ्यासारख्या गावांतून येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, तर तळोदा-अक्कलकुव्याकडच्या मुलांच्या घरी भिल्ली बोली. पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांना परकी नसते, पण ती घरचीही नसते. ‘विरह’ या संकल्पनेवर आम्ही संस्कृतप्रचुर व्याख्यान देतो, तेव्हा वर्ग अदबीने गप्प बसतो. आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकी झोक्यावर काय गातात, एवढे विचारले की मागच्या बाकावरची मुलगीही बोलू लागते. आणि मग ती पाठातल्या कवितेकडे आपणहून वळते.

काही सहकारी याला विषयांतर म्हणतात. अभ्यासक्रम मोठा आणि तासिका थोड्या, ही त्यांची अडचण खरी आहे. मुलांनी प्रमाण मराठीत निर्वेध लिहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आमचाही आहे. पण घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी तीन वर्षे गप्प राहून पदवी घेऊन गेला, तर त्या तासिकांचे आपण काय केले? आखाजीच्या त्या प्रश्नाला परीक्षेत गुण नाहीत आणि अध्यापनाच्या आराखड्यात रकानाही नाही. आम्ही मात्र यंदापासून त्याच्यासाठी प्रत्येक तासातली दहा मिनिटे राखून ठेवणार आहोत.