सहावा गुलाम

काल दत्त चौकात चहा घेताना नेहमीचा विषय निघाला. "ह्या गेमनं पोट्टे वाया गेले बावा, सगळेच बंद करून टाकाले पाह्यजे." मी म्हटलं, अहो, ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिली. पण हा फरक टपरीवर कोण ऐकून घेतो?

अशा वेळी मी हमखास जेरी होल्किन्सची गोष्ट सांगतो. अमेरिकेतला लेखक. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यानं माइक क्राहुलिक या मित्रासोबत 'पेनी आर्केड' नावाचं वेबकॉमिक सुरू केलं. चित्रं माइकची, शब्द जेरीचे. आठवड्यातून तीन दिवस, बहुतेकदा तीनच चौकटी, आणि सोबत 'टायको' या टोपणनावानं जेरीचं टिपण. विषय एकच, गेम आणि ते खेळणारी माणसं. आपल्याकडे व्यंगचित्र म्हटलं की पुढारीच लागतो, त्यामुळे यावर कोणी पंचवीस वर्षं घर चालवतो हे लोकांना खरं वाटत नाही.

२००३ साली तिकडच्या पेपरांतही आपल्या टपरीचाच सूर होता, गेम खेळणारी पोरं हिंसक होतात म्हणून. या दोघांनी वाचकांना सांगितलं, सिएटलच्या लहान मुलांच्या दवाखान्याला खेळणी पाठवा. पहिल्याच वर्षी खेळणी आणि रोख मिळून अडीच लाख डॉलरच्या आसपास जमा झाले. त्यातून 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था उभी राहिली. टीकेला याच्याहून चांगलं उत्तर मी तरी पाहिलं नाही.

इथपर्यंत सांगून मी थांबायचो. पुढची गोष्ट मला माहीत होती, पण सांगत नव्हतो.

ऑगस्ट २०१० मधलं त्यांचं एक चित्र. गेममध्ये नायकाला काम मिळतं, पाच गुलाम सोडव. तो पाच सोडवतो. सहावा विनवणी करतो, आपले हाल सांगतो. नायक म्हणतो, माझे पाच झाले. गेमच्या हिशोबी दुनियेवर टोला म्हणून कल्पना झकास आहे. पण सहाव्याच्या तोंडी बलात्काराचा उल्लेख होता, तोही हसण्यासाठी. काही वाचकांनी, त्यात अत्याचार भोगलेल्या बायाही होत्या, सांगितलं की हे टोचलं. दोघांनी आधी टिंगलीचं दुसरं चित्र टाकलं, मग त्यावर टी-शर्ट विकायला काढले. आरडाओरडा झाल्यावर मागे घेतले. २०१३ मध्ये माइक मंचावरून म्हणाला, टी-शर्ट मागे घ्यायला नको होते, आणि समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याला लिहून माफी मागावी लागली. पेपरवाल्यांना उत्तर देताना इतकं मोठं मन, आणि आपलीच वाचक बोलली तर एवढा राग! माइकचं सोडा, जेरी शब्दांवर जगणारा माणूस. दोन साधी वाक्यं त्याला जड नव्हती.

पण मी कोणत्या तोंडानं बोलू? माझी पुतणी बीजीएमआय खेळते, चांगली खेळते. गेल्या महिन्यात पाहिलं तर गेममध्ये नाव पोराचं आणि माईक बंद. विचारलं, तर म्हणाली, "काका, पोरीचा आवाज ऐकला का गेम राह्यते बाजूले. मग जे बोलतेत न, ते तुमच्यासमोर सांगता येत नाही." तेव्हा आठवलं, मागे तिनं मला तिच्या गेमच्या ग्रुपवरचं एक मीम दाखवलं होतं. "यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं होतं, "अगं, जोक आहे, सोड न."

काल टपरीवर गेमची बाजू घेऊन तावातावानं भांडलो. घरी आलो तर ती खेळत बसली होती, माईक बंदच. मी त्या मीमचा विषय काढला, म्हटलं, तेव्हा माझं चुकलं.

स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, "जाऊ द्या न काका. सोडा."