अर्धे जेवण मराठीत

मित्रांनो, मराठीच्या तासाला उत्तर द्यायला उभे राहिलात, की तुमची जीभ अडखळते का? माझीही अडखळत असे. मीही उर्दू माध्यमातच शिकलो. मराठी वाचता येई, लिहिता येई; पण बोलायची वेळ आली, की लोक हसतील या भीतीने मी गप्प बसे.

पुढे नोकरीत मला नांदेडचा एक मराठी मित्र मिळाला. त्याला उर्दू शिकायची होती. तुम्हांला नवल वाटेल, पण त्याला कारण होते. १९४८ सालापर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतूनच शिकवत. त्यामुळे तिकडची अनेक मराठी माणसे उर्दू शिकली. माझ्या मित्राच्या आजोबांनी एक वही उर्दूत लिहिली होती. ती आता घरात कोणालाच वाचता येत नव्हती.

आम्ही ठरवले, की दर रविवारी मरोळ नाक्यावरच्या एका लहानशा हॉटेलात जेवायचे. अर्धे जेवण मराठीत बोलायचे, अर्धे उर्दूत. एकमेकांच्या चुका सुधारायच्या, पण हसायचे नाही.

पहिल्याच दिवशी मी माळ्यावर जाऊ लागलो. मित्र म्हणाला, "वर नको, खाली बसू." मी म्हणालो, "खाली का बसायचे? काहीतरी मागवू या!" उर्दूत 'खाली बसणे' म्हणजे रिकामे बसणे, हे मी सांगितले आणि नियम विसरून आम्ही दोघेही पोट धरून हसलो. त्या हसण्याने माझी भीती पळाली.

मग दर रविवारी नवे शब्द सापडू लागले. दुकान, बाजार, कागद हे शब्द तर दोन्ही घरचेच! पण 'खुलासा' म्हणजे उर्दूत सारांश आणि मराठीत स्पष्टीकरण.

काही महिन्यांनी मित्राने ती वही आणली. अक्षर फार घाईचे होते. मी म्हणालो, "हे मलाही लागत नाही." तो म्हणाला, "आपण शिकस्त करू." मी चमकलो. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव! त्याने समजावले, की मराठीत शिकस्त करणे म्हणजे शक्य तेवढे सारे प्रयत्न करणे.

आम्ही शिकस्त केली. वहीत घरखर्चाचा हिशोब होता. मित्र उजवीकडून डावीकडे बोट फिरवत एकेक अक्षर लावत होता. एका ओळीवर तो थांबला. "मुलीसाठी तख्ती," त्याने वाचले. तख्ती म्हणजे पाटी, असे मी मराठीत सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "ती मुलगी म्हणजे माझी आई."

समोरचा चहा निवून गेला होता.

आज मरोळ नाक्यावर मेट्रोचे स्थानक आहे आणि मी न अडखळता मराठी बोलतो. मित्रांनो, तुम्हीही असा एक सोबती शोधा. हॉटेलच हवे असे नाही. डब्यातली पोळी-भाजीही पुरे. त्याला तुमची भाषा द्या, त्याची तुम्ही घ्या. चुका होतील, होऊ द्या. जो चुकायला भितो, तो बोलायला कधी शिकणार?